शाळा सारवली त्या दिवशी

परवा सुनेनं अंगण सारवलं, आणि त्या वासानं मला आमची एका खोलीची शाळा आठवली. दर शनिवारी आम्ही पोरींनी ती सारवायची. पण त्या साली दुष्काळ लई वाईट, सगळ्यांची गुरं साखर कारखान्याच्या छावणीत गेलेली. ज्यांच्या विहिरीला पाणी होतं, त्या एकाच घरची म्हैस गावात होती. त्या घरची पोरगी शेण आणायची, म्हणून गुरुजी तिला पुढं बसवायचे. मी नुसती जळायचे. एका शनिवारी पहाटेच छावणीतून पाटीभर शेण आणलं आणि एकटीनं सगळी शाळा सारवली. गुरुजी म्हणाले, "पाणी कुठलं घेतलंस गं?" मी रांजणाकडं बोट केलं. सगळ्यांचं प्यायचं पाणी मी सारवणात घातलं होतं! पोरं ओरडली, "आता आमी शेण प्यावं का?" तर तीच पोरगी पळत जाऊन घरून घागर घेऊन आली. पहिली ओंजळ माझीच भरली, वर म्हणते कशी, "तुझं सारवण माझ्यापेक्षा चांगलं हाय." तहान भागली, पण मी आणखीच जळाले. आता कळतं, माझ्या सारवणाला चांगलं म्हणणारी त्या दिवशी ती एकटीच होती.