राक्षसिणीच्या अंगावरचं कोड

मी राक्षस बनवतो. तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझा गाळा आहे. तिथे आम्ही शिंगं घडवतो, दातांच्या कवळ्या करतो, साच्यात सिलिकॉनची कातडी ओततो आणि ती नटांच्या अंगावर चिकटवतो. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या अद्भुतपटासाठी मी एक राक्षसीण केली. पिक्चर चालला, आणि राक्षसीण पिक्चरपेक्षा जास्त चालली. तिचे प्लास्टिकचे मुखवटे सानपाडा स्टेशनबाहेर टांगलेले मी पाहिले आहेत. पाहून मला बरं वाटलं होतं, हेही सांगून टाकतो.

त्या राक्षसिणीच्या हातांवर, गळ्यावर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग होते. लोकांच्या लक्षात राहिले ते डागच. ते माझ्या धाकट्या बहिणीचे आहेत.

तिला कोड आहे. आम्ही मूळचे जासई गावचे. ती कॉलेजात असताना पहिला डाग आला. मग पाहुणे तिला बघायला यायचे, त्या दिवशी सकाळी आई तिला माझ्यासमोर बसवायची. मी तेव्हा एका मेकअपवाल्याच्या हाताखाली लागलो होतो. तिचा हात मांडीवर घेऊन मी थरावर थर चढवायचो आणि आई मागून विचारायची, "पानी लागला तर जाईल काय रं?" असंच एकदा सगळे पाहुणे बसलेले असताना बहीण उठली, मोरीत जाऊन दोन्ही हात साबणाने धुतले आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. पाहुणे उठून गेले. त्यानंतर तिने मला हात रंगवू दिला नाही. लग्न केलं नाही. कंटेनर यार्डाजवळच्या एका ऑफिसात ती आयात-निर्यातीची कागदपत्रं बघते, अर्ध्या बाह्यांचे कुर्ते घालते आणि आमच्याच सोसायटीत, दुसऱ्या विंगेत राहते.

पण हात शिकला तो शिकलाच. कोडाची कड सरळ नसते. खाजणातलं पाणी उतरल्यावर चिखलावर जशी वेडीवाकडी रेघ राहते, तशी असते. कडेला रंग जरा गडद होतो आणि मध्येच चुकून राहिल्यासारखे तपकिरी ठिपके दिसतात. हे मला पाठ आहे. त्या पिक्चरच्या वेळी दिग्दर्शक म्हणाला होता, "बॉस, तिला हात लावावासा वाटता कामा नये." मी पेन्सिल घेतली आणि बहिणीचा डावा हात काढला. विचार केला नाही. आमच्या धंद्यात कातडीला रेफरन्स म्हणतात. कुणाची कातडी, हे कुणी विचारत नाही.

पिक्चर तिने आमच्याबरोबरच पाहिला, वाशीच्या मॉलमध्ये. बाहेर आल्यावर म्हणाली, "डावा हात बरोबर जमलाय." एवढंच. सोसायटीतली पोरं तिला त्या राक्षसिणीच्या नावाने हाक मारू लागली आहेत, हे मला बायकोकडून कळलं. लिफ्टमध्ये एका बाईने तिला बघून आपल्या मुलाला मागे ओढलं, हेही. मी काय केलं? सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज लिहिला आणि पाठवला नाही.

आता त्या पिक्चरचा दुसरा भाग. त्याच दिग्दर्शकाने बोलावलं. अंधेरीच्या ऑफिसात मोठ्या स्क्रीनवर चित्रं लावली होती.

"या वेळी एकटी नाही, पूर्ण टोळी," तो म्हणाला. "आणि ट्विस्ट काय, तिने हात लावला की समोरच्याला डाग उठतात. पसरतात. अख्खं गाव पांढरं. तुम्हीच करायचं, कंटिन्यूइटी आहे."

मी वही काढली. डाग पसरण्याचे टप्पे किती, कुठला भाग कॉम्प्युटरवर होणार, हे विचारलं. मी हे सगळं विचारलं. मग त्या चित्रांत एक लहान मुलगी दिसली, दंडावर पाच बोटांचे पांढरे ठसे उठलेली, आणि माझं डोकं फिरलं.

"सर, हे कोड आहे. कोड लागत नाही."

"कोड कोण म्हणतंय? हा शाप आहे. फँटसी आहे, बॉस. टेन्शन का घेताय?"

"लोकांना कोडच दिसणार. ते डाग मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातावरून उचललेत."

खोलीत सगळे गप्प झाले. मला वाटलं, लाजले. दिग्दर्शक पुढे वाकला. त्याचे डोळे चमकत होते. "सीरियसली? येतील का त्या? त्यांचा हात स्कॅन करू. रिअल टेक्स्चर मिळेल."

मी त्याला जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. काम सोडून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात त्यांचा टेम्पो गाळ्यावर आला. साचे करारानुसार त्यांच्या मालकीचे. काम दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं. आणि मी काय केलं, तर ते साचे स्वतः फोममध्ये गुंडाळले. डाव्या हाताचा साचा करंगळीपाशी नाजूक आहे, म्हणून तिथे दुहेरी फोम लावला. टेम्पोवाल्याला म्हणालो, सांभाळून ने.

संध्याकाळी बहिणीला सगळं सांगितलं. ती वांगी चिरत होती.

"दुहेरी फोम," ती म्हणाली.

"हाताला सवय आहे गं."

"वाटेत फुटला असता तर तुला फाशी दिली असती का?" ती हसली. ते हसणं चांगलं नव्हतं. "आणि दादा, खरं सांग. माझ्या स्पर्शाने रोग होतो म्हणाले, तेव्हा तू वही काढलीस. चिडलास कधी, तर ते मला स्कॅन करू म्हणाले तेव्हा."

"त्या लहान मुलीचं चित्र बघून चिडलो होतो."

"त्याच्या आधी वही काढलीस ना?"

काढली होती. त्या माणसांचा मला राग आहे, आणि तो जाऊ नये असं वाटतं. एका आजाराला शाप करून ते तिकिटं विकणार, आणि मग शाळांत पोरं कुणाच्या तरी हाताला बोट लावून पळणार. पण त्यांना ती कातडी मी दिली. मी दिली नसती तर त्यांना ती करताही आली नसती, एवढी खरी.

हे लिहू का, म्हणून तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पण मला बिचारी करू नकोस. आणि कोड लागत नाही, हे सगळ्यात वर लिही. लोक शेवटपर्यंत वाचत नाहीत."

तिला वाचायला दिलं. पहिलं पान बघून तिने कागद परत केला. "वर कुठंय? वर तर तूच आहेस."