सायफिन ट्रक पुढं घेते

थायलंडातल्या कालासिनला उसाचा हंगाम लागला की साखर कारखान्याबाहेर ट्रकांची ही भली मोठी रांग लागते, आणि त्या रांगेत सगळ्यात मोठा आवाज सायफिनचा. दहाचाकीच्या खिडकीतून डोकं काढून ती ओरडते, "ए, झोपलास का मेलास? पुढं घे की!" बाईला गप्प बसणं म्हणून ठाऊक नाही.

ट्रक तिच्या नवऱ्याचा, खामफोनचा. गडी कष्टाळू. पण रांगेत डोळा लागला की मागचे पुढं घुसतात, म्हणून तो जागं राहायला याबा घ्यायला लागला. ती नारिंगी गोळी आधी झोप उडवते, मग भूक, मग दात, मग अक्कल. शेवटी शेवटी त्याला उसात माणसं दबा धरून बसलेली दिसायची. एकदा तर कोयता घेऊन सख्ख्या आईच्या मागं धावला. म्हातारी चपळ, म्हणून वाचली! सायफिननं त्याला उपचार केंद्रात नेऊन टाकलं, आणि माणसात आल्यावरच घरी आणलं.

पण हंगाम पुन्हा आला. रांग तीच, झोप तीच, गोळ्या विकणारा जुकही तोच. एक गोळी पोटात गेली की सगळं मुसळ केरात. मग सायफिननंच ठरवलं, रांगेत ट्रक आपण सरकवायचा, यानं खुशाल झोपायचं. पहिल्याच दिवशी तिनं पुढच्या ट्रकाला अशी धडक दिली, की त्या ड्रायव्हरचा चिकट भात चटणीसकट त्याच्याच मांडीवर. सगळी रांग दात काढून हसली. हंगाम अर्ध्यावर आला तोवर तेच लोक "ताई, माझाही जरा पुढं घ्या ना," म्हणत तिच्या हातात चाव्या देऊन खुशाल झोपायला लागले. जुकचा धंदा पार बसला.

एका दुपारी ती दुसऱ्या कुणाचा ट्रक सरकवून आली, तर खामफोन रस्त्याकडेच्या झाडाला टांगलेल्या झोळीत टक्क जागा. उजवी मूठ घट्ट आवळलेली.

"काय रे, झोप नाही?"

"जुक येऊन गेला. घे, फुकट आहे, म्हणाला."

"घेतलीस?"

"हातात घेतली." त्याचा आवाज रडवेला झाला. "टाकवत नाही गं. तोंडातही घालायची नाहीये. मूठ तूच उघड."

तिनं एकेक बोट सोडवलं. घामानं गोळी विरघळून तळवा नारिंगी झाला होता. तिनं पाणी ओतून तो खसाखसा धुतला, तोंडानं जुकच्या सात पिढ्यांचा उद्धार चाललेलाच. "परत आला ना, तर चाकाखाली घेते मेल्याला! आता नीज."

तेवढ्यात रांग हलली. मागून हॉर्न सुरू झाले.

"जा ना," खामफोन म्हणाला, "नंबर जाईल आपला."

"जाऊ दे."

दोन ट्रक तिच्या डोळ्यांदेखत पुढं घुसले. त्याला झोप लागेपर्यंत ती झोळीपासून हलली नाही.