अणदूरच्या मातीतला चुना

चहा आधी संपवा, मग सांगतो. हा किस्सा ऐकताना माझ्या मेहुण्यानं एकदा चहा नाकातून काढला होता. आणि तो तर तिथं हजर होता! त्याला सगळं आधीच माहीत होतं!

मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. सासुरवाडी अणदूरची. माझ्या बायकोला, सुनीताला, मध्यंतरी मातीची भांडी करायचा नाद लागला. विकतची माती आणायची, चाकावर बसायची, घरभर चिखल. एक दिवस म्हणाली, "आमच्या शेतातल्या ओढ्याला काय चिकट माती आहे! तिचीच भांडी केली तर?"

आता तिनं सरळ जाऊन गोळा मळला असता तर विषय तिथंच संपला असता. पण घरात रसायनशास्त्राचा माणूस असताना नुसतीच माती कालवायची? मी म्हणालो, "थांब. आधी तपासू."

त्याचं असं असतं बघा, मातीत चुनखडी असली की भट्टीत तिचा कळीचा चुना होतो. मग तो हवेतला ओलावा पिऊन फुगतो आणि चांगल्या भाजलेल्या भांड्याची खपली उडवतो. ओळखायचं सोपं. मातीवर पातळ ॲसिडचे थेंब टाकायचे. फसफसली की चुनखडी. गप्प राहिली की माती चांगली. यात चुकण्यासारखं काय आहे? माझं तर पोटच त्यावर चालतं.

सुट्टीत अणदूरला गेलो. ॲसिडची बाटली घेतली, ड्रॉपर घेतला, काचेची बशी मात्र राहिली. म्हटलं, अडतंय कुठं? मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, घरापुढं नवा ओटा बांधला होता. शहाबादी फरशी, तोंड बघून घ्यावं अशी गुळगुळीत. तिच्यावरच चिमूटभर माती ठेवली आणि थेंब सोडले.

फस्स!

मी चष्मा वर सरकवला. "चुनखडी आहे. भरपूर."

"मग?" सुनीतानं विचारलं.

"मग भांडी फुटणार."

तिचं तोंड एवढंसं झालं. मामांनी विहिरीजवळची माती आणली. फस्स! मेहुणा मोटारसायकलवर तामलवाडीच्या पाहुण्यांकडं जाऊन त्यांच्या तळ्यातली घेऊन आला. फस्स! शेवटी सुनीताच्या पिशवीतली विकतची माती, खास भांड्यांचीच, ती ठेवली. तीसुद्धा फस्स!

इथं कुठल्याही शहाण्या माणसाला संशय आला असता. मलाही आला. माती विकणाऱ्याचा. त्याला तिथूनच फोन लावला आणि भेसळ या विषयावर बरंच ऐकवलं.

'भेसळ' हा शब्द शेजारच्या पारूआत्यांच्या कानावर गेला. त्या वाटीत बेसन घेऊन आल्या. "जावईबापू, एवढं बघा की. परवा झुणका लई कडू झाला हुता."

बेसन ठेवलं. फस्स!

"चुना," मी म्हणालो.

मग काय विचारता! अर्धी गल्ली ओट्यापुढं. धनेपूड, मैदा, पिठीसाखर. जे ठेवावं ते फसफसतंय! आणि मी शांतपणे निकाल देतोय. "चुना." "चुना." "यात जरा जास्तच." माल सगळा एकाच दुकानातला, बाबूशेठचा. तेवढ्यात कुणीतरी खंडोबाच्या भंडाऱ्याची पुडी पुढं केली.

मी क्षणभर थांबलो. देवाचं काम. पण विज्ञान म्हणजे विज्ञान.

फस्स!

"देवाला बी चुना लावला की ह्यानं!" पारूआत्या ओरडल्या.

बाबूशेठला बोलावणं गेलं. ते दुकान तसंच उघडं टाकून आले. अंगावर बनियन, हाताला हळद. "पाव्हणं, देवाचा भंडारा आमच्या आज्यापासून आमच्याच दुकानातनं जातोय. असलं पाप न्हाय केलं कधी. माझ्यासमोर करून दावा. खरं निघालं तर आत्ता कुलूप लावतो."

खरं सांगतो, मला त्यांची दया आली. पण सत्यापुढं इलाज आहे का? भंडारा ठेवायला वाकलो आणि ड्रॉपर जरा जास्त दाबला गेला. थेंब बाजूला पडले. मोकळ्या फरशीवर.

फस्स.

फसफस पार थांबेपर्यंत सगळे बघत राहिले. शेवटी मामांनीच विचारलं, अगदी अदबीनं.

"जावईबापू, फरशीत बी भेसळ हाय व्हय?"

शहाबादी फरशी म्हणजे निव्वळ चुनखडक. मी हे दरवर्षी पोरांना शिकवतो. परीक्षेत विचारतो. ज्याला येत नाही त्याचे गुण कापतो.

सुनीता घरातून काचेची बशी घेऊन आली. ओढ्याची माती, थेंब. गप्प. बेसन. गप्प. भंडारा. तोही गप्प. मी हात जोडून बाबूशेठची माफी मागितली. मनानं मोठा माणूस! म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाव्हणं, हुतं असं. पर ती बाटली तेवढी इकडं द्या." बाटली घेऊनच गेले. पारूआत्या बेसनाची वाटी घेऊन माझ्याकडं न बघता गेल्या. माती विकणाऱ्याला परत फोन लावला, पण तो आजतागायत उचलत नाही.

सुनीताची भांडी मात्र झकास झाली. एकाचीही खपली उडाली नाही. ओट्यावर जागोजागी पांढरे खळगे पडलेत, त्यावर मामी आता पापड वाळत घालून ठेवतात. म्हणजे पाहुण्यांना दिसू नयेत.

सध्या धाकट्या मेहुणीसाठी स्थळं बघणं चाललंय. मागच्या खेपेला मी ओसरीवर पोहे खात बसलो होतो, तर मध्यस्थानं मामांना विचारलं, "मुलाबद्दल काही अट?"

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "न्हाय बा. निर्व्यसनी पायजे. आन् सायन्सचा नको."