शिळेच्या तळाचा लाल रंग

माझी शेजारीण वर्ना टॉलेफसन चौतीस वर्षं कॉलेजच्या मेसमध्ये वाढायला होती. मिनेसोटातलं आमचं गाव म्हणजे एक कॉलेज आणि त्याच्याभोवती मका. इथं शिकलेल्या निम्म्या लोकांच्या ताटात तिनं कुस्करलेले बटाटे वाढलेत.

गेल्या वसंतात नगरपालिकेनं 'गावात काय पाहाल' असा नकाशा काढायला घेतला. संस्थापकाचा ब्राँझचा पुतळा, वाचनालयाचं भित्तिचित्र, कणसासारखी रंगवलेली पाण्याची टाकी, सगळं त्यात आलं. कॉलेजच्या फाटकाजवळची रंगीत शिळा तेवढी नाही. विद्यार्थी दर आठवड्याला तिच्यावर काहीबाही रंगवतात, त्यात कसली कला, असं समितीचं म्हणणं. शिळा खाणीत टाकून तिथं नवं शिल्प बसवायचं ठरलं.

वर्ना बैठकीला गेली, लेमन बारचा, म्हणजे लिंबाच्या वड्यांचा, डबा घेऊन. मीही गेले. तिनं सांगितलं की चौऱ्याहत्तर साली कॉलेजच्या मुलींचा बास्केटबॉल संघ पहिल्यांदा जिंकून आला, तेव्हा त्यांच्या स्वागताला काळं कुत्रंही नव्हतं. म्हणून वडिलांच्या कोठाराचा उरलेला लाल रंग आणून तिनं शिळेवर गुण लिहिले, बावन्न-एकोणपन्नास. तिथून ही रीत पडली.

समितीचा अध्यक्ष क्रेग लिंडाल मवाळपणे म्हणाला, "वर्नाबाई, गोष्ट छान आहे. पण पुरावा?"

"चार वर्षं माझ्या हातचं खाल्लंस, क्रेग. तेव्हा बटाट्यांचा पुरावा नाही मागितलास."

लोक हसले, पण ठराव तसाच राहिला. शिळा उचलायला सोमवारी क्रेन येणार होती.

शिळेचा एकच नियम आहे. खरवडायचं नाही, वरून रंगवायचं. हा नियम वर्नानंच पोराटोरांना शिकवलेला. शनिवारभर ती माझ्या ओट्यावर बसून होती, नियम मोडू की नको करत. रविवारी चर्चहून परतताना तिनं भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापिका रूथ आमडाल यांना गाठलं आणि ड्रिल घेऊन यायला सांगितलं. भोक पाडताना मात्र तिनं पाठ फिरवली.

बोटाएवढी जाड, वीतभर लांब रंगाची कांडी निघाली. पिवळा, निळा, जांभळा, पांढरा, कागदाहून पातळ थर. रूथबाई सहाशेपर्यंत मोजून थांबल्या. दगडाला चिकटलेला अगदी शेवटचा थर लाल होता. वर्नानं माहेरच्या कोठाराची जुनी फळी आणली होती, ती शेजारी धरली. तोच लाल.

सोमवारी सकाळी क्रेन आली, क्रेगही आला. त्यानं कांडी बराच वेळ उलटसुलट पाहिली. मग टोपी काढून क्रेनवाल्याला परत जायला सांगितलं.

नकाशा आता छापून आलाय. पहिल्या क्रमांकावर शिळा, संस्थापक दुसरा. ती कांडी वाचनालयात काचेखाली ठेवलीय.

त्या सोमवारीच वर्नानं ते भोक बुजवलं आणि सत्तरीतल्या हातांनी पुन्हा लिहिलं, बावन्न-एकोणपन्नास. फाटकापासून रस्त्यापर्यंत पोरी टाळ्या वाजवत उभ्या होत्या.

तिसऱ्याच दिवशी कुणीतरी त्यावर निळ्या रंगाचा हात मारून मैत्रिणीचा वाढदिवस लिहिला. मी हळहळले.

"अगं, खाली आहे की," वर्ना म्हणाली आणि रूबार्बचे आंबट देठ तोडायला परसात गेली.