कपाळपट्टा आणि तीन बकलं

सामान बांधावं तर तालुमनं, हे आमच्या बुनुन आदिवासींच्या वस्तीत सगळे मान्य करत. डोंगरावर शिकारीला निघायच्या आदल्या दुपारी तो अंगणात ताडपत्री पसरायचा आणि तिच्यावर एकेक वस्तू मांडायचा. मीठ, मेणकापडात गुंडाळलेली काडेपेटी, पानात बांधलेला चिकट भात, सुपारी, दोरखंड, बंदुकीची दारू आणि छरे. मग वेताची टोपली. हलकं खाली, जड वर. वजन मानेजवळ राहिलं की चढण सोपी जाते. या टोपलीला खांद्याचे पट्टे नसतात. एकच रुंद पट्टा, तो कपाळावर. कोयता टोपलीत कधीच ठेवायचा नाही, तो कमरेला.

यामागचं कारण तो नवशिक्यांना करून दाखवायचा. पंचवीस किलोंचं ओझं कपाळावर घेऊन उभा राहायचा आणि डोकं मागे झटकायचा. टोपली धपकन खाली पडायची, तोवर कोयता हातात आलेला असायचा. “डुक्कर तुमच्यासाठी थांबत नाही,” एवढंच म्हणायचा.

त्या वर्षी त्याचा मेहुणा हुसुंग शहरातून आठ दिवसांच्या सुट्टीवर आला. तिकडे तो बांधकामावर सळया बांधायचा. येताना नवी निळी सॅक घेऊन आला होता. खांद्यांना पट्टे, शिवाय छातीला दोन आणि कमरेला एक अशी तीन बकलं.

“दाजी, ती टोपली आता संग्रहालयात देऊन टाका,” हुसुंग म्हणाला. “कपाळाला घट्टे पाडून घ्यायची हौस आहे का?”

“सॅक घरी ठेव,” अबुस म्हणाली. ती तालुमची बायको, हुसुंगची थोरली बहीण.

“ताई, तुझा नवरा म्हातारा झाला म्हणून सगळ्यांनी वाकून चालायचं का?”

शेजारीपाजारी हसले. मीही हसलो. एरवी तालुमनं ती सॅक तिथेच उलटी केली असती. त्या दिवशी त्यानं तिला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यानंच ती भरली, हुसुंगच्या पाठीवर चढवली आणि तिन्ही बकलं एकामागून एक आवळली.

“घट्ट आहे?”

“एकदम.”

मग मर, असं तालुम मनात म्हणाला. हे त्यानं नंतर मला स्वतः सांगितलं.

दहाच्या सुमाराला नदीच्या वरच्या अंगाला, पुरुषभर गवतात, दोन्ही कुत्र्यांनी डुकराला अडवलं. हुसुंग पुढे होता, तालुम वीस पावलं मागे. आमच्या बंदुका घरी घडवलेल्या, ठासणीच्या. एक बार उडाला की पुन्हा दारू भरेपर्यंत ती नुसती काठी. हुसुंगनं बार काढला. छरे खांद्यात गेले, हाड काही मोडलं नाही. डुकरानं एका झटक्यात पुढच्या कुत्र्याचं पोट उघडं केलं आणि हुसुंगवर आलं.

हुसुंग वळला. सॅकच्या वजनानं त्याचा तोल गेला आणि तो उताणा पडला. उलट्या कासवासारखे हातपाय झाडत त्यानं छातीचं एक बक्कल सोडलं, दुसरं सुटेना. डुकरानं सुळा त्याच्या मांडीत खुपसला, वर फाडत नेला, बाहेर काढला आणि पुन्हा खुपसला. हुसुंगची किंकाळी समोरच्या कड्यावरून परत आली.

तालुमची टोपली केव्हाच खाली पडली होती. दोघे इतके एकमेकांत अडकले होते की त्याला बार काढता येईना. त्यानं बंदूक टाकली आणि कोयता चालवला. पहिला घाव मानेवर, दुसरा पाठीवर. डुक्कर वळेना. मग त्यानं त्याच्या अंगावरच झेप घेतली, पुढच्या पायामागे पातं टेकवलं आणि सगळं वजन टाकून मुठीपर्यंत आत घातलं. ऊन रक्त कोपरापर्यंत आलं. जनावर दोघांना फरफटत पाच-सहा हात ओढत गेलं आणि हुसुंगच्या पायांवरच मेलं.

तालुमनं ते लोटून बाजूला केलं. रक्त चाटायला आलेल्या उरलेल्या कुत्र्याला त्यानं लाथ घातली. सॅकचे पट्टे कापले, त्यांतला एक हुसुंगच्या मांडीभोवती जांघेजवळ बांधला आणि आत काठी घालून पिळला. हुसुंगनं त्याच्या हाताचा कडकडून चावा घेतला. रक्ताची धार मंदावली, थांबली नाही.

तिथे फोन लागत नव्हता. सडक तीन तासांवर. तालुमनं टोपली सोडून दिली, कपाळपट्ट्यात एक आडवं लाकूड बांधलं, त्यावर हुसुंगला बसवून पाठीवर घेतलं आणि दोरीनं स्वतःशी बांधून टाकलं. बंदुका, मांस, सगळं तिथेच राहिलं.

उतारावर पट्ट्यानं कपाळाची कातडी सोलली. रक्त डोळ्यांत उतरू लागलं. हुसुंगचं डोकं त्याच्या खांद्यावर लोळायला लागलं की तो मागे कोपर मारायचा.

“झोपलास तर दरीत टाकीन.”

“टाका. तेवढीच विश्रांती.”

मग तालुम म्हणाला, “बकलं मी आवळली. काय होईल ते मला ठाऊक होतं.”

“मलाही ठाऊक होतं. लहानपणापासून तेच तर ऐकतोय तुमच्याकडून.” हुसुंगचे दात वाजत होते. “बोलू नका दाजी. चाला.”

सडकेवर कोबीचा ट्रक उभा होता. ड्रायव्हरनं पाठीवरचा पांढराफटक चेहरा पाहिला. “हा गेला वाटतं,” तो म्हणाला. तालुमनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला. ड्रायव्हरनं ओठ पुसला, मुकाट्यानं दोरी कापली आणि दोघांनी मिळून हुसुंगला कोबीवर आडवा केला.

इस्पितळात पाय मांडीतून कापावा लागला. दोन दिवस डॉक्टर काहीच सांगत नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी हुसुंगनं डोळे उघडले, चादरीखाली हात घालून किती उरलंय ते चाचपलं आणि भिंतीकडे मान फिरवली. अबुसनं पेज आणली. त्यानं चार घास घेतले.

“दाजी कुठायत?”

“बाहेर. तीन दिवस दारातच उभे आहेत. आत या म्हटलं तर येत नाहीत.”

“बोलाव त्यांना,” हुसुंग म्हणाला. “मला कूस बदलायचीय, आणि तुला मी झेपणार नाही.”