दीड फूट उंचीची होळी

आमचे बंबवाले माणसाच्या जन्मकाळी हजर असते, तर माणसाला अग्नीचा शोध लागलाच नसता. ज्या कुणी पहिल्यांदा गारगोटीवर गारगोटी घासली, त्याच्या पाठीमागे हे गृहस्थ शिट्टी फुंकत उभे राहिले असते, "परवाना दाखवा" म्हणाले असते, आणि आपण सगळे आजही कच्च्या रताळ्यांवर दिवस काढत असतो.

बंबवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव चांगलं चार अक्षरी होतं. पण सिंगापुरात ईस्ट कोस्टला आमच्या लेकाचा फ्लॅट ज्या काँडोत, म्हणजे इथल्या सोसायटीत आहे, तिथली मराठी घरं त्यांना पाठीमागे बंबवाले म्हणायची, आणि मी तोंडावर म्हणायचो. पोटासाठी ते रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत जात. काम काय करता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "काका, बँकेत काय काय वाईट घडू शकतं, त्याची यादी करतो." आमच्या गावात हे काम टिटवी फुकट करते. पण त्यांचा खरा जीव होता तो काँडोच्या अग्निशमन पथकात. आग लागली तर खरा बंब येईपर्यंत हातातलं काम टाकून धावायचं, असं हे हौशी पथक. त्याचे बंबवाले प्रमुख. खाली फौज दोघांची: गेटवरचा तमिळ वॉचमन आणि तळमजल्यावरची सत्तरीची चिनी आंटी. आंटीचे गुडघे दुखायचे, तिला धावता यायचं नाही; म्हणून आग तिच्या दाराजवळच लागेल अशी सगळ्यांची श्रद्धा होती.

बोलावणं कधीही येईल म्हणून बंबवाले सदैव तयार. गळ्यात शिट्टी, कमरेला मोजायची टेप, अंगावर पिवळं जाकीट, आणि लिफ्टमध्येसुद्धा डोक्यावर शिरस्त्राण. अंघोळीला जाताना फोन साबणाच्या डबीत घालून न्यायचे, असं त्यांच्या कामवालीनं आमच्या हिला सांगितलं. आठ वर्षांत काँडोत आग एकदाही लागली नाही. याचं सगळं श्रेय ते स्वतःकडे घेत. गणपतीत आरती सुरू झाली की सगळ्यांचे डोळे मूर्तीकडे, यांचे कापराकडे. हातात ओला टॉवेल. दिवाळीत दोन पणत्यांमधलं अंतर टेपेनं मोजायचे. कुणाच्या वाढदिवसाला गेले, तर ज्याचा वाढदिवस तो फुंकर मारायच्या आत यांची फुंकर. चहासुद्धा गार करून प्यायचे. मी म्हटलं, "बंबवाले, वाफेलाही परवाना लागतो का?" तर म्हणाले, "काका, सवय म्हणून."

त्यांची थोरवी कळायला कुकरचं प्रकरण सांगायला हवं. पथकानं जमायची खूण त्यांनी ठरवली होती: तीन शिट्ट्या. आता रविवारी सकाळी अकराला काँडोतल्या बावीस मराठी स्वयंपाकघरांत वरण शिजत असतं, हे या मराठी माणसाच्या ध्यानात येऊ नये? पहिल्याच रविवारी आंटी लंगडत लंगडत आमच्या दारात. हातात आग विझवायचं लाल नळकांडं, त्याची नळी थेट आमच्या हिच्या छातीवर रोखलेली. हिच्या हातात पळी. दोघी एकमेकींकडे बघत मिनिटभर तशाच उभ्या. मागून कुकरनं चौथी शिट्टी दिली तेव्हा उलगडा झाला. शहाण्या माणसानं खूण बदलली असती. बंबवाल्यांनी पत्रक काढलं: "मराठी कुटुंबांनी कुकरच्या दोनच शिट्ट्या घ्याव्यात." महिनाभर आम्ही तुरीची डाळ चण्यांसारखी चावली. शेवटी बायकांनी मोर्चा नेला तेव्हा यांनी शिट्टी रद्द केली आणि नवा नियम केला: जो आग बघेल त्यानं जीव खाऊन, लांबलचक ओरडायचं. पथकाला ताकीद दिली, "ओरडणं ऐकू आलं की आधी विझवा, मग विचारा." दर शनिवारी तालीम व्हायची. वॉचमन ओरडायचा, आंटी नळकांडं रोखायची, आणि बंबवाले घड्याळ बघायचे.

एका वर्षी समुद्रापलीकडच्या बेटावर जंगलं जळत होती आणि सगळं शहर धुरात बुडालं होतं. समोरची इमारत दिसेना, माणसं तोंडाला फडकी लावून फिरत होती. त्या दिवसांत बंबवाल्यांनी आमची बेल वाजवली. म्हणाले, "काका, तुमच्याकडून उदबत्तीचा वास येतोय." मी त्यांना बाल्कनीत नेलं आणि तो सगळा काळा आसमंत दाखवला. "ह्याचा परवाना कुणी दिला?" मी विचारलं. ते गंभीरपणे म्हणाले, "तो आपल्या हद्दीत येत नाही."

मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस. पण पस्तीस वर्षं गुऱ्हाळात गुळव्या होतो. रस कधी आळायचा, काहिलीखालचा जाळ कधी ओढायचा, हे मी नुसत्या रंगावरून सांगायचो. चार गावचे लोक माझ्या शब्दावर काहील उतरवायचे. अशा माणसाला कागदावरची आग विझवणाऱ्यानं जाळ शिकवावा, म्हणजे माशाला पोहण्याचा दाखला मागण्यातला प्रकार. शिवाय गावची होळी पेटवायचा मान आमच्या घराचा. आजानं पेटवली, बापानं पेटवली, मी एकेचाळीस वर्षं पेटवली. आता तिकडे पुतण्या पेटवतो, तोही लायटरनं. मी इथं लेकाकडे आलो तेव्हा बोलून बसलो होतो की ज्या होळीला माझा हात लागला नाही, तिच्या पोळीलाही माझा हात लागणार नाही. बोललो ते बोललो. मी शब्द फिरवणारा माणूस नव्हे.

पण काँडोच्या आवारात काडी ओढायची तरी परवाना लागतो आणि परवान्यावर सही बंबवाल्यांची. पहिल्या वर्षी मी लेकाकडून अर्ज लिहवून घेतला. 'उद्देश' या रकान्यात मी सांगितलं, होळी. अर्ज परत आला: "उद्देश अस्पष्ट." दुसऱ्या वर्षी: "शेणी हा जळणाचा प्रकार यादीत नाही." तिसऱ्या वर्षी: "ज्वाळेची उंची या रकान्यातलं 'देवाच्या मनात असेल तितकी' हे उत्तर ग्राह्य धरता येत नाही." तीन वर्षं ही पुरण वाटायची, पोळी लाटायची, तूप घालून ताट माझ्यापुढे ठेवायची. मी भात खाऊन उठायचो. ही ताट तसंच उचलायची. लेक म्हणायचा, "बाबा, आईकडे बघून तरी खा." पण आपली मान ताठ.

चौथ्या वर्षी होळीला पंधरा दिवस होते, तेव्हा ही म्हणाली, "औंदापासून मी पोळी करणार नाही. तुमच्या हट्टापायी माझं पुरण तीनदा वाया गेलं. आता बास." एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. मी रात्रभर छताकडे बघत पडलो. शब्द मोडावा तर मी कसला, आणि न मोडावा तर हिच्या हातची पोळी संपली. जन्मभराची.

ही लिफ्टमध्ये बंबवाल्यांना काय बोलली, देव जाणे. दुसऱ्या दिवशी ते पिवळ्या जाकिटासकट आमच्या सोफ्यावर. कोरा अर्ज काढला आणि स्वतःच भरायला लागले. 'उद्देश' म्हणजे "ऋतुबदलाचा पारंपरिक कार्यक्रम". या गावाला जन्मात एकच ऋतू, पण काँडोच्या ऑफिसला ते पटलं म्हणे. शेणी झाल्या "वनस्पतिजन्य विटा". उंची दीड फूट. वेळ पावणेसात ते साडेसात. आणि जागा: आंटीचा लोखंडी पिंप, ज्यात चिनी लोक सातव्या महिन्यात पितरांसाठी कागद जाळतात. मी उसळलो. "होळी पिंपात? लग्न लिफ्टमध्ये लावाल उद्या!"

आंटी दारातच उभी होती. म्हणाली, "अंकल, माय ग्रँडफादर ऑल्सो यूज धिस वन. युअर गॉड कॅन शेअर, लाह."

आता तिनं आज्याची जागा देऊ केली म्हटल्यावर मी पिंप कबूल केला. तरी ते निघता निघता विचारलंच, "बंबवाले, आगीला इतकं भिता, लहानपणी घर-बिर जळलं होतं का?"

"नाही हो काका," ते म्हणाले. "लहानपणी मला बंबावरच भरती व्हायचं होतं. उंची दीड इंच कमी भरली." आणि अर्जावर सही ठोकली.

होळीच्या संध्याकाळी मी धोतर नेसलो. लिटल इंडियातून आणलेल्या शेणी पिंपात उभ्या रचल्या, मध्ये वारा खेळायला जागा ठेवली. बंबवाल्यांनी पिंपावर खडूनं दीड फुटाची खूण केली. एका बाजूला पाण्याची बादली, दुसऱ्या बाजूला वॉचमन, आणि पायरीवर नळकांडं घेऊन आंटी. मी नारळ वाढवला, काडी ओढली, शेणींनी पेट घेतला. ज्वाळा वर आली, निळी, मग पिवळी. चार वर्षांनी छाती भरून आली. हिनं नैवेद्याची पोळी पुढे केली. आणि मग जे माझा बाप करायचा, आजा करायचा, ते मी केलं. पालथी मूठ तोंडावर आपटत, जीव खाऊन, लांबलचक बोंब मारली.

फॉर्मात बोंबेला रकाना नव्हता.

बंबवाल्यांचा चेहरा मी बघितला. होळीला बोंब मारतात, हे त्या क्षणी त्यांना आठवलं, असं मला वाटतं. "आंटी, नो!" असं ते ओरडले. पण ओरडणं हीच खूण! आंटीनं आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्यांना न जुमानता झेप घेतली आणि सगळं नळकांडं पिंपात रिकामं केलं. आधी विझवा, मग विचारा. पांढरी पूड उडाली. शेणी पांढऱ्या, पोळी पांढरी, ही पांढरी, मी पांढरा. वॉचमननं वर बादलीही ओतली. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

"बारा सेकंद," आंटी अभिमानानं म्हणाली.

कुणी हसलं नाही. ही त्या पुडीनं माखलेल्या पोळीकडे बघत होती. "चला वर," म्हणाली. एवढंच. तो आवाज मला ठाऊक होता. चौथं ताट ती मांडणार नव्हती.

मी वळलो तर बंबवाले गायब. म्हटलं गेले, अहवाल लिहायला गेले. पाच मिनिटांनी धापा टाकत आले, हातात मोठं खोकं. आत आठ वर्षांचे नामंजूर अर्ज. वरचे तीन माझे. "काका, कोरडा कागद आहे," ते म्हणाले. "परवान्याची अजून सतरा मिनिटं आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण आग लावतात कशी? मी कधी लावलेली नाही."

आठ वर्षं परवाने देणाऱ्या माणसाला काडी ओढता येत नव्हती! मला हसू यायला हवं होतं. मी ओल्या शेणींची रास पिंपातून बाहेर ओढली आणि त्यांना खाली बसवलं. "चुरगाळा. दाबून भरू नका, जाळाला श्वास लागतो. बारीक खाली, जाड वर." दोन काड्या त्यांनी मोडल्या, तिसरी विझली. चौथीला मी त्यांचा हात माझ्या हातात धरला आणि दोघांनी मिळून पेटवलं. मान माझा होता. त्यांना दिला म्हणा, वाटून घेतला म्हणा. पिशवीत उरलेल्या चार कोरड्या शेणी वर ठेवल्या, तसा अर्जांचा असा भडका उडाला की खडूची खूण कुठल्या कुठे राहिली. साडेतीन फूट तरी असेल. मला जाळ डोळ्यांनी मोजता येतो. बंबवाल्यांनी टेप काढली, जाळाकडे बघितलं, आणि टेप खिशात घातली.

"पोळी?" मी हिला विचारलं.

"वर आहेत," ही म्हणाली. "उगीच केल्या नव्हत्या." म्हणजे तिनं पोळ्यांचा ढीग घातला होता, ती धमकी फक्त मला घाबरवायला. वरून झाकण घट्ट, आत साखर, अशी बाई! त्या संध्याकाळी मी दोन पोळ्या खाल्ल्या. बंबवाल्यांनी चार. गरम गरम.

पुढच्या पावसाळ्याआधीच त्यांच्या बँकेनं त्यांची खुर्ची कमी केली. इथं राहायच्या पासाची मुदत संपायच्या आत सामान बांधून पुण्याला गेले. जाताना शिरस्त्राण आंटीला देऊन गेले; ते तिला कानांपर्यंत येतं. माझ्या पाया पडले. मी म्हटलं, "तिकडे सांभाळून, पुण्यात घरोघर कुकर आहेत." हसले नाहीत. नुसता माझा हात धरून उभे राहिले, जरा जास्तच वेळ.

आता परवाने फोनवर मिळतात. यंदा लेकानं दोन बटणं दाबली, तिसऱ्या मिनिटाला मंजुरी. उद्देश विचारला नाही, जळण विचारलं नाही, उंची विचारली नाही. संध्याकाळी मी पिंपात शेणी रचल्या आणि मनासारखा जाळ केला. हिनं नैवेद्य दाखवला. मी पालथी मूठ तोंडावर आपटत पोट भरून बोंब मारली आणि सवयीनं मागे वळून बघितलं. वरच्या एका बाल्कनीतून कुणीतरी डोकावलं आणि आत गेलं.

पोळी नेहमीसारखीच झाली होती. मी अर्धीच खाल्ली.