पायांचे अडलेले निरोप

डॉक्टरीणबाईंनी किल्लीच्या टोकाने माझ्या तळपायावर रेघ ओढली. पायाचा अंगठा ऐटीत वर गेला. मला वाटलं, पास झालो. त्या मात्र गंभीर झाल्या. "तान्ह्या बाळाचा अंगठा असा वर जातो. मोठ्यांचा खाली वळायला हवा." एमआरआय झाला आणि नाव कळलं: ट्रान्सव्हर्स मायलायटिस. म्हणजे मज्जारज्जूला, पाठीच्या कण्यातून उतरणाऱ्या नसांच्या दोराला, आलेली सूज.

पाय बधिर व्हायला लागून आठवडा झाला होता. आमच्या घरी पायांचं काहीही बिघडो, उपाय एकच. तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासायची. एरवी वाटी लागताच मी खिदळून चादर लाथाडतो. या वेळी गप्प पडून राहिलो. माझी बायको सुनंदा खूश. "पन्नाशीत का व्हईना, मानसात आले बाई!" वाटी घासलेली मला कळतच नव्हती, आणि मी शहाणा वर सांगत होतो, "लई गुण येतोय." अंगणात कोसळलो तेव्हा कुठे पारनेरहून नगर गाठलं. तुमचे पाय असे बधिरले तर वाटी बाजूला ठेवा, आधी दवाखाना गाठा.

सलाईनमधून सूज उतरवणारं स्टिरॉइड सुरू झालं. "चालेन ना मी?" मी विचारलं.

"आज सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "चेतापेशीला, न्यूरॉनला, लांब शेपूट असतं. एकीचं मेंदूपासून कमरेपर्यंत, दुसरीचं तिथून थेट अंगठ्यापर्यंत. त्यावर मायलिनचं वेष्टण. ते सुजेने खराब झालं की जाणारे-येणारे निरोप अडतात."

दुपारच्या पेंगेत मला ते निरोप दिसत. डोक्यातून निघालेले, पाठीतून उतरणारे, आणि सीना नदीच्या पुलावरून पुराचं पाणी जाताना माणसं थांबावीत तसे मध्येच काठाशी थांबलेले. पलीकडे माझे पाय. पांघरुणात कुणी परके पाहुणे झोपलेत, असे. मी त्यांना मनातल्या मनात अहो-जाहो करून पाहिलं. ढिम्म हलले नाहीत.

मग एका सकाळी डाव्या घोट्यावर काहीतरी सरकलं. बघतो तर माशी. आधी कळली, मग दिसली!

सुनंदाने टॉवेल उगारला.

"हाकलू नको गं! मला समजतीये ती."

तिचा हात वरच राहिला. मग ती हळूच पायाशी बसली. माशी घोट्यावरून बोटांकडे चालत निघाली. आमच्या लेकाने पहिलं पाऊल टाकलं, तेव्हाही आम्ही दोघांनी इतक्या कौतुकाने पाहिलं नव्हतं.